टिपणिसांचा परराष्ट्रव्यवहार

सदानंद टिपणिसांनी पहिल्याच भेटीत माझ्याकडून दोन मिनिटं मागून घेतली आणि ती कधीच परत केली नाहीत.

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या मराठी मंडळाने युक्रेनच्या युद्धावर माझं व्याख्यान ठेवलं होतं. मी हेगमधल्या एका संस्थेत शिकवतो. फुटीर प्रदेशांची युद्धं आणि त्यांतला बड्या सत्तांचा हात हा माझा विषय. त्यावर माझं चारशे पानांचं पुस्तक आहे. ते ग्रंथालयांनी विकत घेतलं आहे, माणसांनी नाही. तरी मंडळात मला मान होता. जगात कुठेही गोळी सुटली की लोक मला गाठून, "सर, आता काय होणार?" असं विचारायचे आणि मी, "ते इतकं सोपं नाही," असं म्हणून कॉफीचा घोट घ्यायचो. एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललं होतं.

त्या दिवशी मी नकाशावर बाण दाखवत होतो. मॉस्कोकडून येणारा लाल, वॉशिंग्टनकडून येणारा निळा, ब्रसेल्सकडून येणारा जरा फिकट. तिसऱ्या बाणावर असताना मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. हॉलमध्ये हीटर चालू असूनही डोक्यावर कानांवर उतरणारी केसाळ टोपी. "प्राध्यापक, दोन मिनिटं बोलू का? मी त्या भागात सहा वर्षं काढलीत," असं म्हणत ते पुढे आले आणि माझ्या नकाशाकडे पाठ करून उभे राहिले.

"बाण छान आहेत," ते म्हणाले. "पण हे वरून काढलेत. खालून बघितलं की बाण दिसत नाही, गळती दिसते. सोसायटीत वरच्या मजल्यावर दोघं भांडतात, नळ फोडतात, आणि पाणी गळतं तुमच्या छतातून. मग दोघंही बादली घेऊन तुमच्या दारात येतात आणि विचारतात, कोणाची बादली घेणार?"

पुण्यामुंबईहून आलेली ही सॉफ्टवेअरमधली माणसं माझ्या व्याख्यानात मोबाइल बघत असतात. त्यांनी मोबाइल खाली ठेवले. टिपणीस पाऊण तास बोलले. प्रोजेक्टर चालूच होता, त्यामुळे माझा लाल बाण सगळा वेळ त्यांच्या टोपीत घुसलेला दिसत होता. शेवटी टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण लोक माझ्याकडे बघत होते.

टिपणीस पुण्यात रशियन शिकले आणि सोव्हिएत जमान्यात शिष्यवृत्ती मिळवून दोनेत्स्कला खाणकामाची इंजिनिअरिंग शिकायला गेले. पुढे रॉटरडॅमकडच्या एका कंपनीत नोकरी केली, निवृत्त झाले, बायको वारली आणि ते अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका फ्लॅटमध्ये एकटे राहू लागले. इतकी वर्षं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. कोळशाच्या खाणीत आणि दोनेत्स्कमध्ये कोणाला रस असणार? मग युद्ध झालं, आणि ज्या गावाचं नाव मी पुस्तकात शेकडो वेळा लिहिलं होतं, त्या गावात या माणसाचे कपडे वाळत घातलेले होते. मला त्यांचा हेवा वाटला तो इथे. वाचून मिळवलेली गोष्ट कोणी तरुणपणात जगून बसलेला असला की फार अन्याय झाल्यासारखं वाटतं.

माणूस विनयशील असता तर मी सहन केलं असतं. पण टिपणीस मिरवायचे. डच पावसात भिजून ती टोपी ओल्या मांजरासारखी दिसायची, तरी काढायचे नाहीत. वाढदिवसाला बोलावलं तर रशियन पद्धतीने पेला उंचावून भाषण करायचे, पेल्यात पन्हं असलं तरी. गावांच्या नावांचे माझे उच्चार चारचौघांत सुधारायचे. मी एकदा त्यांना आमच्या संस्थेच्या परिषदेला नेलं. आमच्या हेगमध्ये शांतता तयार होत नाही, पण तिचं पॅकिंग उत्तम होतं: गळ्यात नावाच्या पट्ट्या, चीज लावलेले थंड पाव, चार राजदूत. टिपणिसांना वाटलं हे आपल्यासाठीच आहे. जेवणाच्या सुट्टीत एका राजदूताला कोपऱ्यात घेऊन ते सांगत होते, "फुटीर प्रदेशात झेंडा कुठला आहे ते विचारू नका साहेब. भिंतीवरचं घड्याळ कुठल्या राजधानीचं लावलंय ते बघा." राजदूताने ते लिहून घेतलं. त्या संस्थेत वीस वर्षं शिकवूनही माझं एक वाक्य कोणा राजदूताने लिहून घेतलेलं नाही.

पण टोपी आणि राजदूत मी विसरलो असतो. टिपणिसांनी माझी मुलगी नेली, ते मात्र मला विसरता येण्यासारखं नव्हतं.

मुक्ता तेव्हा लायडनला शिकत होती आणि तिने प्रबंधासाठी विषय घेतला होता, दोनेत्स्कचं बंड आणि त्यातले बाहेरचे देश. म्हणजे माझाच. मी कपाटातली पुस्तकं काढून ठेवली, खुणा घालून ठेवल्या. मुक्ता मराठी सगळं समजते, उत्तर बहुधा डचमध्ये देते. माझं पुस्तक तिने शनिवारी वाचलं आणि मला म्हणाली, तेही मराठीत, मला लागावं म्हणूनच बहुधा, "बाबा, तुझ्या पुस्तकात कोणी जेवतच नाही." आणि रविवारी सकाळी सायकलवर टांग मारून ती टिपणिसांकडे रशियन शिकायला गेली. मग दर रविवारी जाऊ लागली.

काही आठवड्यांनी मीही जाऊ लागलो. आमच्या घरून त्यांना चिवडा पोचवणं, संपलेला डबा परत आणणं अशी कामं मला निघू लागली.

रविवारी सकाळी टिपणिसांचे दोन फोन असायचे. वसतिगृहात त्यांच्या खोलीत आणखी दोघं होते. लेन्या दोनेत्स्कचा, खाणकामगाराचा मुलगा. तो तिथेच राहिला, खाणीत मुकादमासारख्या हुद्द्यावर चढला, निवृत्त झाला. तारास कीव्हचा. तिघांनी एका स्टोव्हवर सहा वर्षं बटाटे तळले होते. रशियाच्या पाठबळावर दोनेत्स्कचं बंड सुरू झालं तेव्हा लेन्या बंडवाल्यांच्या नाक्यावर जाऊन त्यांना चहा देऊन आला. तारासला ते कळलं आणि त्याने लेन्याचं नाव टाकलं. पुढे मोठं युद्ध आलं, तारासचा मुलगा लढायला गेला आणि एक पाय गमावून परत आला. त्यानंतर तारास टिपणिसांना म्हणाला होता, "लेन्याने ज्यांना चहा पाजला, त्यांनी माझ्या पोराचा पाय नेला." या वाक्यापुढे माझ्या पुस्तकातल्या चारशे पानांना काही सुचत नाही.

तर पहिला फोन लेन्याला. त्याच्या गावाने घड्याळ मॉस्कोचं लावलेलं, त्यामुळे हिवाळ्यात त्याची सकाळ तारासच्या आधी व्हायची. उन्हाळ्यात कीव्हचे काटे पुढे सरकायचे आणि दोन्ही घड्याळं काही महिने एकच वेळ दाखवायची. "बघा," टिपणीस म्हणायचे, "सूर्याने तह केलाय, हेगला कळवा." फोनवर राजकारण नसे. गुडघे, लोणच्याच्या काकड्या, पाणी कोणत्या दिवशी येतं. शेवटी टिपणीस एक वाक्य बोलायचे आणि फोन ठेवायचे. मग तारासला फोन. तेच गुडघे आणि शेवटी तेच वाक्य. मला रशियन येत नाही. स्वतःच्या मुलीच्या शेजारी बसून तिला हसू येताना बघायचं आणि आपल्याला का येत नाही ते समजून घ्यायचं, असे माझे रविवार होते.

एका रविवारी परत येताना मुक्ता सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आली. म्हणाली, "बाबा, काका शेवटी काय म्हणतात माहितीये? लेन्याला म्हणतात, तारासने तुला विचारलंय. आणि तारासला म्हणतात, लेन्याने तुला विचारलंय."

"मग?"

"कोणीच कोणाला विचारलेलं नसतं. मी सगळं ऐकते ना. ते दोघं एकमेकांचं नावपण घेत नाहीत."

मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. पुढच्या रविवारी फोन झाल्यावर मी विषय काढला. टिपणीस चहा गाळत होते.

"टिपणीस, हे निरोप तुम्ही पदरचे घालता?"

"कुठले?"

"विचारलंय म्हणून सांगता ते."

"अहो, मग फोन ठेवताना काय म्हणायचं माणसाने? माझी आई पत्राच्या शेवटी अख्ख्या आळीचे आशीर्वाद लिहायची. आळीला पत्ताच नसायचा. तुम्ही भावाशी बोलताना म्हणत नाही, हिने विचारलंय? ती तेव्हा भाजी आणायला गेलेली असते."

"ते आपल्यात. आपल्यात ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. ती माणसं वेगळी आहेत. त्यांच्यात विचारलंय म्हणजे खरंच विचारलंय. मध्यस्थाने पदरचा निरोप घातला की पुढे काय होतं, यावर माझं एक पूर्ण प्रकरण आहे."

"त्यात कोणी जेवतं का?" टिपणिसांनी विचारलं. मुक्ता खिडकीबाहेर बघू लागली. घरातलं बोलणं तिकडे पोचत होतं तर. पण टिपणिसांचा हात गाळणीवर थांबला होता, आणि चहा बशीत सांडत होता. ही गोष्ट त्यांच्या कधी मनातच आली नव्हती. गेली आठ-नऊ वर्षं ते पुण्याच्या शिरस्त्याने फोन ठेवत होते.

आणि मग, प्रकरणात लिहिल्याप्रमाणे, पुढचं झालं. मला ते बरोबर ठरल्याचं समाधान मिळालं नाही.

लेन्याचा फोन रविवारऐवजी मधल्याच वारी आला. त्याची मुलगी इरा नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन तिला तिथून निघायचं होतं. रशियातून वळसा घालून, लॅट्व्हियामार्गे युरोपात यायचा रस्ता होता, तिच्याकडे जुना युक्रेनी पासपोर्टही होता. पण मुलाचा जन्म बंडवाल्यांच्या राज्यात झालेला. त्याचा जन्मदाखला त्या राज्याने दिलेला, आणि तो कागद सीमेपलीकडे कोणी मानत नव्हतं. मी वर्गात हा विषय शिकवतो: एखाद्या प्रदेशाला कोणत्या सत्तेने मान्यता दिली, कोणी नाकारली. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. एका बाजूच्या मते हे पोर चालायला लागलं होतं आणि दुसऱ्या बाजूच्या मते ते अजून जन्मलंच नव्हतं.

यावर उपाय होता. कीव्हच्या कोर्टात अर्ज करून जन्म सिद्ध करता येत होता. पण तिथे वकील गाठणारं, हेलपाटे घालणारं, मुलीला आपण ओळखतो असं सांगणारं विश्वासाचं माणूस हवं होतं. लेन्या म्हणाला होता, "तारासला सांग. इतकी वर्षं दर रविवारी मला विचारतोय. तो नाही म्हणणार नाही."

टिपणिसांनी आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. टोपी खुंटीला होती. टोपीशिवाय ते मला प्रथमच म्हातारे दिसले. "प्राध्यापक," ते म्हणाले, "तुमच्या प्रकरणात यावर काही तोड दिलीय का?"

"नाही," मी म्हणालो. "तिथे करार मोडतो."

त्यांनी तारासला फोन लावला. मुक्ता माझ्या कानाशी हळूहळू मराठीत सांगत होती. टिपणिसांनी गुडघे, काकड्या काही काढलं नाही. इरा, मूल, दाखला, कोर्ट, एवढं सांगितलं आणि थांबले.

मग तारासने विचारलं, "मी त्याला विचारतो, असं लेन्याला कोणी सांगितलं?"

"मी."

"मी विचारलं होतं?"

"नाही."

"आणि तो मला विचारतो म्हणालास, ते?"

"तेही मीच."

मुक्ता भाषांतर करायची थांबली. त्याची गरजही नव्हती. टिपणिसांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा रशियन समजत होतं. त्यांच्या हातातून त्या क्षणी दोन माणसं एकदम जाण्याची वेळ आली होती, आणि इरा आणि ते पोरही.

"पोराचं नाव काय?" तारासने विचारलं. मुक्ता पुन्हा भाषांतर करू लागली.

"मिशा."

"बोलतो?"

"थोडं."

तारास म्हणाला, "कागद पाठव. मी वकील बघतो. आणि लेन्याला माझा काही निरोप सांगू नकोस. काही म्हणजे काही नाही." फोन बंद झाला.

टिपणिसांनी लगेच लेन्याला लावला. मला वाटलं आता ते सवयीने काहीतरी घालतील. पण त्यांनी सगळं होतं तसं सांगितलं: निरोप माझे होते, त्याने कधी विचारलं नाही, काम करतो म्हणालाय, निरोप काही नाही.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. नंतर खोकल्याचा.

"मला ठाऊक होतं," लेन्या म्हणाला. "तारासने जन्मात कधी कोणाला विचारलं नाही. वसतिगृहात मला न्यूमोनिया झाला, तेव्हा तो शेजारच्या खाटेवरून म्हणाला होता, खोकताना तोंड भिंतीकडे कर. आठवतं?"

"ठाऊक होतं, तर मग मला म्हणालास कशाला, तो विचारतो म्हणून?"

"नाहीतर तू त्याला फोन केला नसतास."

"आणि इतकी वर्षं ऐकून का घेतलंस?"

"मग काय करणार होतो, सदा? इथे दुसरं कोण त्याचं नाव घेतं?"

मुक्ताने हे भाषांतर करून सांगितलं आणि ती बाल्कनीत गेली. टिपणीस मला म्हणाले, "मोठे देश यांना तोफा देतात, दुर्बिणी देतात, परिषदेला विमानाची तिकिटं देतात. एकमेकांची बातमी कोणी देत नाही हो." हे वाक्य कोणा राजदूतासमोर म्हटलं असतं तर मी वैतागलो असतो. स्वयंपाकघरात समोर फक्त मी होतो.

कोर्टाला काही महिने लागले. तारासने हेलपाटे घातले. तो टिपणिसांना फोनवर प्रत्येक वेळी तक्रार करायचा, वकिलाची, बसची, लेन्याने मुलीला वळण न लावल्याची. शेवटी कागद आला, आणि मिशा दुसऱ्या बाजूच्या मतेही जन्मला. इरा त्याला घेऊन दिवसचे दिवस बसने प्रवास करत इथे पोचली. गाडी माझी, म्हणून त्यांना आणायला मी गेलो. टिपणीस केसाळ टोपी घालून पुढे उभे राहिले, हात पसरून, एखादा राष्ट्रप्रमुख उतरतो आहे अशा थाटात. मिशाने ती टोपी पाहिली आणि भोकाड पसरलं. तो माझ्या कडेवर आला तेव्हाच थांबला. टिपणिसांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "तुमचं काय हो, तुमच्याकडे बघून कोणालाच काही वाटत नाही." तो दिवस माझा फार चांगला गेला.

त्यानंतर टिपणीस वर्षभरही राहिले नाहीत. डॉक्टरने पोटाचं दुखणं सांगितलं, पुढे हॉस्पिटल झालं, मग घरीच. मी रविवारी जात होतोच, आता इतर वारीही जाऊ लागलो. आम्ही नकाशा पसरून भांडायचो. ते मला खोडून काढायचे, मी त्यांना तळटीपा दाखवायचो. माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघावी म्हणून त्यांनी एक प्रकरण तोंडी सांगितलं. त्यात सगळे जेवतात.

इथे दहनाला वेळ ठरवून मिळते आणि नंतर कॉफी आणि केक असतो. मंडळातली बरीच माणसं आली. इरा मिशाला घेऊन आली होती. मुक्ताने लेन्या आणि तारासला कळवलं होतं, त्यावर दोघांनीही आपापला आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, अर्थात वेगवेगळा. कॉफीच्या वेळी तिने मोबाइल टेबलावर ठेवून दोन्ही ऐकवले आणि भाषांतर करून सांगितलं.

लेन्या म्हणत होता की सदा त्याचा मित्र होता, एकट्याचा. तारासला तो निव्वळ भिडेखातर सांभाळत होता, कारण तारासला दुसरं कोणी नव्हतं. तारास म्हणत होता की सदा त्याचा मित्र होता. लेन्याशी तो इतकी वर्षं केवळ दयेपोटी बोलला, सदाचं मनच तसं होतं, आणि हे लेन्याला कोणीतरी सांगायला हवं.

लोक डोळे पुसत हसले. मला हसू येईना. या दोघांनी तासाभराच्या फोनवर माणूस वाटून घेतला होता. उरलेली सकाळ, आणि शेवटच्या वर्षात बाकीचा आठवडा, टिपणीस कोणाशी भांडत होते याची दोघांनाही कल्पना नव्हती.

मी मुक्ताला बाजूला घेतलं. "त्यांना उत्तर पाठवशील ना, त्यात एक लिही. शेवटी शेवटी सदाचा खरा मित्र इथला होता. हेगला शिकवतो म्हणून लिही."

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. "पण बाबा, तुला तर काका आवडत नव्हते."

"ते माझं मी बघीन," मी म्हणालो. "तू लिही. दोघांनाही."